तक्त्यातली एकशे बारावी ओळ

सात ऑगस्ट, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. पीएच.डी.च्या नोंदणीची रक्कम अकरा हजार दोनशे रुपये. हजर: मी, माझी बायको, विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागातला खिडकीमागचा लिपिक आणि आमच्या मागं रांगेत उभा असलेला, दाढी पांढरी झालेला एक संशोधक. रक्कम मी मोबाइलवरून भरली. लिपिकानं मोबाइलकडं बघायला नकार दिला. भरल्याची पावती कागदावर हवी म्हणाला. मग गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला दहा रुपये देऊन ती छापून आणली. म्हणजे खरी रक्कम अकरा हजार दोनशे दहा. आमच्या घरातली कायद्याची डॉक्टरेट अशी सुरू झाली.

लिपिक शिक्का मारत म्हणाला, “मॅडम, भरणं सोपं असतं.”

“मलाही हेच म्हणाले होते,” मागचा संशोधक म्हणाला. त्याचं सातवं वर्ष चालू होतं.

मी मंचरला एका पतसंस्थेत हिशोबनीस आहे. आकडा जुळला नाही तर मला जेवण जात नाही. बायको एलएल.एम. करून एका विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास घेतला तर पैसे. सुट्टी, परीक्षा, निवडणूक असली तर नाहीत. तेव्हा तिची अशी नऊ वर्षं झाली होती. कायमच्या जागेच्या मुलाखतीला ती तीनदा जाऊन आली. तिन्ही वेळा “पीएच.डी. आहे का?” एवढं विचारलं आणि चहा पाजून परत पाठवलं. पीएच.डी. झाली तर जागा मिळेल, नाही झाली तर तासाचे पैसे निवृत्तीपर्यंत. आणि तासिकेवाल्याला निवृत्तीही नसते.

त्या नोंदणीपर्यंत पोचायलाही पात्रता लागते: एलएल.एम.ला पंचावन्न टक्के. तिला पंचावन्न पूर्णांक सतरा शतांश. त्या सतरा शतांशावर आमचं सगळं उभं होतं. मग प्रवेश परीक्षा. तिच्यातला एक प्रश्न मी अजून विसरलेलो नाही: ‘खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही असे म्हणता येणार नाही?’ हा प्रश्न सोडवणारा माणूस पुढं न्यायनिवाडे वाचायला लायक ठरतो, असा त्यामागचा विचार असावा. ती पास झाली. त्यानंतर विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढं हजेरी. समितीत नऊ जण, वेळ सात मिनिटं. एका माणसाला सत्तेचाळीस सेकंद आले, त्यातही दोघे फोनवर होते.

विषय तिनं आधीपासून ठरवला होता: हक्कसोडपत्र. कायद्यानं वडिलांच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. आमच्या जुन्नर-आंबेगावात वडील गेले की वर्षश्राद्धाच्या आगेमागे भाऊ जीप करतो, बहिणींना घोडेगावला किंवा जुन्नरला नोंदणीला नेतो, बहिणी अंगठे टेकवून वाटा सोडतात आणि येताना सगळे मिळून मटण खातात. बदल्यात बहिणीला साडी. कायद्यानं जे दिलं ते असं एका दुपारी परत जातं, आणि कोणाचं भांडणही होत नाही. समितीला विषय आवडला. फक्त मथळा फार लहान वाटला. एकानं ‘चिकित्सक अभ्यास’ घाला म्हटलं, दुसऱ्यानं ‘सामाजिक-वैधानिक’, तिसऱ्यानं ‘विशेष संदर्भ’. खोलीत गेलेला मथळा एका शब्दाचा होता, बाहेर आला तेव्हा तेवीस शब्दांचा झाला होता.

मग गाइड. सर पुण्यात राहतात. विद्वान माणूस, वागायला अतिशय सभ्य. दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल द्यायचा आणि त्यावर सरांची सही लागायची. पहिल्या अहवालाला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी दहा किलो इंद्रायणी तांदूळ नेला. ही चूक माझी. सरांनी पुढं तांदूळ कधी मागितला नाही. फक्त अहवालाची तारीख जवळ आली की ते फोन करून विचारायचे, “काय, यंदा तुमच्याकडं भाताचं कसं काय?” आठ वर्षांत पंधरा अहवाल झाले. दीडशे किलो. सरांच्या घरी माणसं तीन.

दोन शोधनिबंध छापून आलेले असावेत, अशीही अट आहे. ज्या नियतकालिकाला चांगलं म्हणतात त्यानं चौदा महिने उत्तर दिलं नाही. दुसरं एक आंतरराष्ट्रीय होतं. त्याला शुल्क पाठवल्यावर अकराव्या मिनिटाला ‘तज्ज्ञांनी तपासून स्वीकारला’ असं पत्र आलं. पत्ता बघितला तर पिठाच्या गिरणीच्या वरचा मजला. त्याच्याकडं बायकोनं दुसरा निबंध पाठवला नाही. चांगल्याच्या दारात आणखी दहा महिने बसली, तेव्हा तो तिथं छापून आला.

आणि ती नक्कल पकडणारी यंत्रणा! प्रबंधाची लिहून झालेली प्रकरणं तिच्यात घातली, तर चौतीस टक्के नक्कल निघाली. बघतो तर यंत्रानं कायद्याची कलमंच लाल केली होती. सर म्हणाले, “मॅडम, कलमं जरा स्वतःच्या शब्दांत लिहा.” संसदेनं लिहिलेलं कलम माझी बायको मंचरच्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या शब्दांत लिहायला लागली, त्या दिवशी मला या पदवीची खरी उंची कळली.

या सगळ्यात सहा वर्षं सरली. मुदत सहाच वर्षांची असते. बायकांना अर्ज केल्यावर आणखी दोन मिळतात. तो अर्ज केला. सोबत आपण स्त्री असल्याचा पुरावा मागितला, म्हणून आधारकार्ड जोडलं. आता शेवटची तारीख सहा ऑगस्ट. तोपर्यंत प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द आणि आठ वर्षं पाण्यात.

प्रबंधाचा कणा म्हणजे तिची पाहणी. हक्कसोड दिलेल्या दोनशे बायकांना तिनं प्रश्न विचारले. दोनशे हा आकडा टक्केवारी सोपी पडावी म्हणून सरांनी ठरवला होता. शनिवार-रविवारी मी तिला मोटारसायकलवरून गावोगाव न्यायचो आणि बाहेर थांबायचो. शिनोलीतल्या एका घरी बाहेरूनही सगळं ऐकू येत होतं.

“हक्क का सोडलात?” बायकोनं विचारलं.

“राजीखुशीनं सोडला,” आतून त्या घरच्या बाईचा नव्हे, तिच्या भावाचा आवाज आला.

“भाऊ, मी यांना विचारते आहे.”

“आवो, ती काय येगळं सांगनार हाय व्हय? सांग गं, राजीखुशीनं.”

“राजीखुशीनं,” बाई म्हणाली. मग भाऊ पान थुंकायला बाहेर आला, तेवढ्यात आतून हळूच आवाज आला, “बाई, न्हाई सोडला तर म्हायेर सुटतं. मंग वाटा घिऊन काय त्याच्यावर झोपायचं का?”

मिळालेली उत्तरं संगणकावर तक्त्यात भरायचं काम माझं. एका बाईची एक ओळ. नाव नाही, फक्त क्रमांक, गाव, सोडलेली जमीन, तिचा आजचा अंदाजे भाव आणि बदल्यात काय मिळालं. मी आकडे भरताना मजा करायचो. “हा बघ, खोडदचा भाऊ. बावीस लाखांची जमीन आणि बदल्यात प्रेशर कुकर. तोही तीन लिटरचा!” बायको हसायची नाही. मला वाटायचं, तिला आकड्यांतलं कळत नाही.

बाकी सगळा तक्ता भरून झाला होता; जुलैच्या वीस तारखेला मध्येच रिकामी राहिलेली एकशे बारावी ओळ भरायला आली. गाव लोणी. वडिलोपार्जित जमीन महाळुंगे पडवळ इथं, एक एकर सोळा गुंठे. वारस तीन: आई, भाऊ, बहीण. बहिणीचा वाटा अठरा गुंठे आणि वर दोन तृतीयांश. गुंठ्याला दीड लाख धरून अठ्ठावीस लाख. बदल्यात काय मिळालं: साडी, एक. पुढं कंसात: कबूल केलेली, अद्याप न मिळालेली.

ती जमीन माझी आहे. लोणीला दिलेली बहीण माझी आहे. माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“उत्तर आहे,” बायको म्हणाली. “मागच्या महिन्यात तुम्ही ऑडिटला होतात तेव्हा जाऊन आले.”

“साडी न मिळालेली? अगं, दर भाऊबीजेला साडी देतो मी. चौदा झाल्या!”

“त्या भाऊबीजेच्या. दोन खात्यांची सरमिसळ करू नये, असं तुम्हीच सांगता.”

मी कपाटातून त्या वर्षीची डायरी काढली. माझ्याकडं सगळ्या डायऱ्या आहेत. हक्कसोडीचा दिवस सापडला: मुद्रांक, टंकलेखन, जीप, साक्षीदारांचा चहा, सात माणसांचं मटण, पान. एकूण जुळत होतं. साडी नव्हती. मग मला आठवलं. त्या दिवशी कापडाचं दुकान बंद होतं. मी तिला म्हणालो होतो, “दिवाळीला घेऊ.” दिवाळीला घेतली, ओवाळणीच्या ताटात घातली आणि एका साडीत दोन कामं उरकली. लोकांच्या कर्जाचे दोन हप्ते मी कधी एका पावतीत फाडले नाहीत.

“पण तो दस्त तूच तपासला होतास,” मी म्हणालो. “दोन चुकाही काढल्या होत्यास.”

“हो,” ती म्हणाली. “तेव्हा मी चुका शुद्धलेखनाच्या काढल्या.”

मी सरांना फोन केला. वाटलं, सर माझी बाजू घेतील. दीडशे किलोंचा संबंध आहे. आणि सर खरंच म्हणाले, “नात्यातली बाई पाहणीत? हे काही बरोबर नाही. ओळ काढून टाका.” मग म्हणाले, “पण मग दोनशेच्या एकशे नव्व्याण्णव होतील. टक्केवारी सगळी बदलेल.”

ते मला सांगायची गरज नव्हती. मी आधीच करून बघितलं होतं. कबूल केलेली वस्तू न मिळालेल्या बायका तेवीस, म्हणजे दोनशेत साडेअकरा टक्के. माझी बहीण काढली तर बावीस, भागिले एकशे नव्व्याण्णव, म्हणजे अकरा पूर्णांक शून्य पाच पाच आणि पुढं संपतच नाही. असे एकेचाळीस तक्ते. तरी मी म्हणालो, मी रात्रंदिवस बसून करतो.

“करा,” बायको म्हणाली. “पण तिनं उत्तर दिलंय. ते काढायचं तर तिची लेखी परवानगी लागते. तसा नियम आहे. आणा जाऊन.”

मी दुसऱ्या दिवशी कागद तयार केला. ‘मी खाली सही करणार, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, सदर पाहणीतील माझे उत्तर मागे घेत आहे. याबद्दल माझी पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही.’ खाली तिच्या सहीची जागा, आणि सवयीनं दोन साक्षीदारांच्या ओळी. पतसंस्थेत छापला, घडी न पडता फाइलमध्ये घातला आणि लोणीला गेलो.

बहीण पडवीत बसून साठवणीतला सडका कांदा निवडत होती. मेव्हणे पोत्याची तोंडं शिवत होते.

“या पावनं,” मेव्हणे म्हणाले. “फायल घिऊन आला म्हंजी काम दिसतंय.”

बहिणीनं हात पुसले आणि कागद वाचला. ती दहावी शिकलेली आहे; वाचायला तिला दोन मिनिटं लागली. नंतर तिनं तो परत पहिल्यापासून वाचला.

“दादा, ह्ये कुटंतरी वाचल्यावानी वाटतंय.”

“साधा कागद आहे.”

“स्वखुशीनं. कोनाच्या दबावाबिगर. पुढं तकरार न्हाई.” ती नवऱ्याकडं वळली. “आवो, बघा की. परत हक्कसोड आलंय.”

मेव्हण्यांनी सुई थांबवली. “साक्षीदार लागत्यात का?”

“दोन,” मी म्हणालो.

“मागल्या टायमाला बी मीच व्हतो. तवा मटान तरी व्हतं.”

“आता न्हाई दिसत. आता नुसता कागुद हाय,” बहीण म्हणाली. ती हसत होती. मला वाटलं सही करेल. मग म्हणाली, “दादा, आदी जिमीन सोडली. मी कवा काय बोलले? तुज्या पोरांच्या शिक्षनाला लागंल म्हनून सोडली. तर आता वयनीच्या पुस्तकातली एक वळ व्हती माजी, ती बी सोडू का?”

“तुझं नाव नाहीये त्यात. फक्त नंबर आहे.”

“मंग तुला कशाची लाज वाटती? तुजं बी नाव न्हाई.”

मी बोललो ते वेगळंच. म्हणालो, नात्यातली ओळ राहिली तर वहिनीची पदवी अडकेल, सरांनीच सांगितलंय, सहा ऑगस्ट शेवटची तारीख आहे. मी खोटं बोलत नव्हतो. पण खरं बोलायलाही गेलो नव्हतो. माझी धाकटी बहीण एका क्षणात गंभीर झाली. पेन मागितला. सहीच्या जागी टोक टेकवलं सुद्धा.

“वयनीला इचारलंस?”

“तिनंच पाठवलंय.”

“फोन लाव.”

लावला. स्पीकरवर टाकायला लावला. बायको म्हणाली, “ताई, सही करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी पदवी तुमच्या सहीवर अडलेली नाही. नातं तळटीपेत लिहिलं की चालतं. मी ती तळटीप लिहून ठेवली आहे.”

बहिणीनं पेनाला टोपण लावलं आणि माझ्या खिशाला अडकवलं. “च्या घिऊन जा,” म्हणाली. कागद तिनं परत दिला नाही. चहाची कपबशी त्यावरच ठेवून दिली.

येताना दहा किलो कांदा दिला. मी पैसे विचारले, तर मेव्हणे म्हणाले, “लिवून ठिवा डायरीत.”

सरांनी तळटीप पाहिली, थोडा विचार केला आणि सही केली. चार तारखेला त्यांच्या घरी साखरपुडा होता आणि एकेचाळीस तक्ते पुन्हा वाचायची त्यांची तयारी नव्हती. प्रबंध पाच ऑगस्टला, मुदतीच्या एक दिवस आधी, पाच प्रती बांधून दाखल झाला.

आठ महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. ती सर्वांसाठी खुली असते. कोणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावा, असा नियम आहे. कोणीही म्हणजे मी आणि गाइडचे इतर चार विद्यार्थी, ज्यांना यायला सांगितलं होतं. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी प्रबंध खरोखर वाचला होता; त्यामुळं सगळेच जरा गडबडले. त्यांनी पान उघडलं.

“एकशे बारावी ओळ. तळटीप वाचली, नातं सांगितलंत, ठीक. पण साडी मिळालेली नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता? बाई सांगते म्हणून?”

“नाही सर. देणाऱ्याचा त्या दिवसाचा खर्चाचा हिशोब पाहिला. त्यात साडी नाही.”

“असा हिशोब देणाऱ्यानं तुम्हाला दाखवला?”

“त्यांना दाखवायचा नव्हता. पण त्यांचे हिशोब फार चोख असतात, सर.”

चार विद्यार्थी हसले. मी छतावरचा पंखा बघत होतो. अध्यक्षांनी नियमाप्रमाणं विचारलं, उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का. नव्हतं. पाच मिनिटं आम्हाला बाहेर काढलं आणि आत बोलावून डॉक्टर म्हणून तिचं अभिनंदन केलं. बायको रडली. तिला रडताना मी आठ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं; नक्कल चौतीस टक्के निघाली तेव्हाही ती रडली नव्हती.

महिन्याभरानं मी नारायणगावला जाऊन साडी घेतली. चार हजार सहाशेची. सण नव्हता, मुद्दाम साधा मंगळवार निवडला, म्हणजे खात्यात गोंधळ नको. लोणीला जाऊन बहिणीपुढं ठेवली. तिनं पदर उलगडून बघितला, काठावरून बोट फिरवलं, घडी केली आणि पिशवीत परत घातली.

“लई भारी हाय. पन न्हाई घेता येनार.”

“का?”

“वयनीनं एवढ्या सायेब लोकांपुढं सांगितलं की न्हाई मिळाली म्हनून. आता घेतली तर ती खोटी पडंल. डिगरी माघारी घेत्यात म्हनं खोटं निगालं तर.”

“अगं, तसं नसतं. तेव्हा मिळाली नव्हती हे खरंच आहे ना.”

“कायद्याचं तू मला सांगू नगं, दादा. तू सांगितलं तवा तवा मी सही केलीय.”

मी जमिनीचं काही बोलेन, असं मला स्वतःला वाटत होतं. अठरा गुंठ्यांचा आकडा तोंडपाठ होता. मी बोललो नाही. तिनंही विचारलं नाही. मेव्हणे पोत्यावरून म्हणाले, “द्यायचंच आसंल तर त्ये पुस्तक द्या की एक. आली-गेली बघत्याल.”

“व्हय,” बहीण म्हणाली. “त्ये दे. त्या पानाला दोरा घालून.”

पाचही प्रती विद्यापीठात होत्या. सहावी छापून, काळ्या कापडात सोनेरी अक्षरांत बांधून घेतली आणि एकशे बारावी ओळ असलेल्या पानात लाल दोरा घातला. बांधणीवाल्यानं तेवीस शब्दांच्या मथळ्याचे जास्त पैसे लावले. त्याला सहाशे चाळीस रुपये रोख दिले, पावती घेतली. पुस्तक लोणीला नेऊन दिलं. त्याखेरीज बहिणीला काही दिलं नाही.